गाडीत बसण्याआधी

(मनावर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)



गणपतीच्या मांडवात भाषणाचा विषय म्हणून शरीररचना आणि शरीरक्रिया, हे ऐकून काही जण चमकले असतील. काल इथे नाट्यगीते झाली, उद्या अथर्वशीर्षाची आवर्तने आहेत, आणि मध्ये आज यकृत, प्लीहा आणि बरगड्या! पण चिटणीसांनी कारण सांगितले ते मला पटले. आपल्या घरांतली काही मुले-मुली यंदा रुग्णवाहिकेवरच्या कामाचे प्रशिक्षण घ्यायचे म्हणत आहेत. वर्ग सुरू व्हायला अजून तीन-चार महिने आहेत. तोवर काय करावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी तीस वर्षे नर्सिंगच्या मुलींना हेच दोन विषय शिकवले, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर एका वाक्यात होते: शरीर शिकून घ्या, बाकीचे तिथे शिकवतील. पण एका वाक्यावर नारळ आणि शाल घेऊन परत जाणे बरे दिसत नाही, म्हणून थोडे सविस्तर बोलते.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हटले की लोकांना रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, ड्रेसिंग करणारा असे कुणीही डोळ्यांसमोर येते. 'पॅरामेडिक' हा त्यांच्यातला एक, पण वेगळा माणूस. अपघाताच्या जागी किंवा घरी रुग्णाजवळ पोचून, त्याला हाताळून, वाटेत जिवंत ठेवून रुग्णालयात नेणारा तो. आपल्या राज्यात त्याला बहुधा ईएमटी म्हणतात. १०८ ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि मध्य प्रदेशात २००९ मध्ये आली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे गाडीवर डॉक्टर ठेवण्याची पद्धत घातली. आपल्याकडे गाडीच्या मागच्या भागात साधारणपणे एकटा ईएमटी असतो. फोनवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो खरा, पण फोनवरच्या डॉक्टरांना जे दिसते ते ईएमटीच्याच डोळ्यांनी. त्याला काय पाहायचे हेच ठाऊक नसेल, तर सल्ला देणारा तरी काय करणार?

आता आपले गाव डोळ्यांसमोर आणा. मनावरहून धारचे जिल्हा रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटर, इंदूर शंभरच्या वर. मधे घाट. म्हणजे आपल्या मुलाच्या ताब्यात एखादा रुग्ण तास-दोन तास असणार. मुंबई-पुण्यात गर्दीमुळे उशीर होतो, पण दर चौकात रुग्णालय असते. इथे गाडी निमाडातून वर माळव्यात चढेपर्यंत रुग्णाचे शरीर तीनदा रंग बदलते. नुसते "असे झाले तर असे करा" पाठ असलेला माणूस पहिल्या रंगाला तयार असतो, दुसऱ्याला गडबडतो. 'का' ठाऊक असलेला माणूस तिसऱ्याची वाट आधीच पाहत असतो. प्रशिक्षणाचे वर्ग कमी दिवसांचे असतात, शिकवायचे खूप असते, म्हणून तिथे हात बसवण्यावर भर असतो आणि शरीराचे धडे भराभर उरकतात. त्यात शिकवणाऱ्यांचा दोष नाही. पण तेवढा पाया घरून नेला तर वर्गातले सगळे नीट कळते.

उदाहरणे देते, कारण उदाहरणाशिवाय हा विषय म्हणजे नुसती नावांची यादी.

बेशुद्ध माणूस उताणा पडला आहे. घरची मंडळी काय करतात? डोक्याखाली उशी देतात, तोंडात पाणी घालतात, कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. आता जीभ म्हणजे काय ते पाहा. आरशात दिसते ते तिचे टोक. तिचे मूळ खालच्या जबड्याच्या हाडाला आतून बांधलेले आहे. माणूस शुद्धीवर असताना स्नायू तिला ताणून धरतात. शुद्ध हरपली की ती सैल पडून मागे घशात घसरते आणि श्वासाची वाट अडवते. उशी दिली की मान पुढे वाकते आणि उरलीसुरली वाटही मिटते. हनुवटी वर उचलली की जबडा पुढे येतो, आणि जीभ जबड्याला बांधलेली असल्याने तीही उचलली जाते. एवढीच गंमत आहे! मानेला मार असण्याची शंका असेल तर मान न हलवता जबड्याचे कोपरे पुढे ढकलायचे. तेही त्याच कारणाने. आणि पाणी का नाही? कारण गिळताना श्वासनलिकेवर पडणारे झाकण आणि खोकला ही पहारेकऱ्यांची जोडी बेशुद्धीत झोपलेली असते. पाणी सरळ फुप्फुसात जाते. तान्ह्या बाळाचे डोके मागून मोठे असते, त्यामुळे ते उताणे ठेवले की मान आपोआप पुढे वाकते. म्हणून त्याच्या डोक्याखाली नाही तर खांद्याखाली पातळ घडी द्यायची. हे तीन नियम वेगवेगळे पाठ करायला आठवडा लागतो. जबडा, जीभ आणि घसा एकदा समजला की पाठ काहीच करावे लागत नाही.

या आजींनी मान हलवली, म्हणजे त्यांना पटले.

दुसरे उदाहरण थोडे हिशेबाचे आहे, पण व्यापारी मंडळी बसली आहेत, तेव्हा हरकत नाही. शांत बसलेला माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलीटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलीटर नाक, घसा, श्वासनलिका या वाटेतच राहते. रक्ताला तिचा उपयोग नाही. ती झाली वाहतुकीतली घट. आता मिनिटाला १६ श्वास धरले तर आत गेलेली हवा ८ लिटर, आणि कामी आलेली साडेतीनशे गुणिले १६, म्हणजे ५.६ लिटर. दुसरा माणूस धापा टाकतो आहे. मिनिटाला ४० श्वास, पण प्रत्येक श्वास उथळ, २०० मिलिलीटरचा. एकूण हवा तीच, ८ लिटर. पण घट वजा केली तर हाती उरते ५० गुणिले ४०, म्हणजे फक्त २ लिटर! पाहणारा म्हणतो, "श्वास तर जोरात चालला आहे." ज्याला ही वजाबाकी ठाऊक आहे तो घड्याळात श्वास मोजून थांबत नाही, छाती किती उचलते तेही पाहतो.

बोटाला लावायचा तो प्राणवायूचा चिमटा करोनानंतर घरोघरी आला. त्याच्यावरचा आकडा हिमोग्लोबिन किती टक्के भरलेले आहे ते सांगतो. रक्तातला प्राणवायू आणि हा आकडा यांचे नाते सरळ रेषेतले नाही. ते कसे आहे, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावणे फार सोपे. इंदूरहून निघालात की मानपूरपर्यंत पठार. गाडी कितीही पुढे गेली तरी उंचीत फारसा फरक नाही. मग घाट लागतो आणि थोड्या अंतरात तुम्ही थेट निमाडात. तसेच इथे. ९८ वरून ९२ पर्यंत येताना आतला प्राणवायू बराच खर्ची पडलेला असतो, पण आकडा फारसा हलत नाही. ९० च्या आसपास घाटाची कड येते. तिथून पुढे प्राणवायू थोडा जरी कमी झाला तरी आकडा धडाधड कोसळतो. म्हणून ९१ हा आकडा "नव्वदच्या वर आहे ना" म्हणून निवांत बसायचा नाही. ब्रेक घाटाच्या कडेवर तपासून उपयोग नसतो, हे गणेश घाटाच्या उतारावरचे ट्रकचे अपघात पाहिलेल्या आपल्या लोकांना मी सांगायला नको.

आणि हाच चिमटा एका ठिकाणी चक्क फसवतो. एका ग्रॅम हिमोग्लोबिनवर सुमारे १.३४ मिलिलीटर प्राणवायू बसतो. १५ ग्रॅम असेल तर १०० मिलिलीटर रक्तात २० मिलिलीटर. ५ ग्रॅम असेल तर सातही नाही. पण चिमटा दोघांनाही ९८ दाखवील, कारण तो भरलेल्या जागांचे प्रमाण मोजतो, बसमध्ये आसने किती आहेत ते मोजत नाही. आमच्या भागात रक्त कमी असलेल्या गर्भवती काही थोड्या नाहीत. तिची पापणी खाली ओढून आतला रंग पाहणे आणि तळहात पाहणे हे यंत्राच्या जोडीला हवेच.

इथे सिकलसेलचे सांगायला हवे. धार, झाबुआ, आलिराजपूर, बडवानी या आपल्या पट्ट्यात भिल्ल, भिलाला समाजांत हा आजार आहे. आपल्यापैकी अनेकांची दुकाने आणि शाळा या लोकांवर चालतात, पण त्यांच्या घरातल्या या दुखण्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. हिमोग्लोबिनच्या रचनेतला एक लहानसा फरक आई-वडील दोघांकडूनही आला की प्राणवायू कमी होताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य कळा. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, प्राणवायू कमी होणे, यांनी ते वाढते. आता सांगा, अशा मुलाला गाडीत घेतल्यावर काय करायचे हे वेगळे सांगावे लागेल का? पांघरूण घाला, पाणी कमी पडू देऊ नका, प्राणवायूवर लक्ष ठेवा, आणि मुख्य म्हणजे "नाटक करतो" असे म्हणू नका. वरून त्याच्या अंगावर काहीही दिसत नसते. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोलला या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तपासण्या होतात, कार्डेही दिली जातात. ईएमटीने ते कार्ड मागून पाहावे.

रक्तस्रावाचे थोडक्यात सांगते, खरे तर त्यावर दोन तास बोलता येईल. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर कातडीवर ओरखडाही नसताना लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते. तरुण मुलगा मोटरसायकलवरून पडला, रक्तदाब ११० आहे, बोलतो आहे. सगळे म्हणतात ठीक आहे. पण तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय पळवून रक्तदाब धरून ठेवते, जवळजवळ तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत. घरची श्रीमंती संपली तरी पडदे तसेच लटकत असतात, त्यातलाच प्रकार. मग एकदम कोसळते. आधी सांगणाऱ्या खुणा वेगळ्या: वाढलेली नाडी, गार हातपाय, घाम, अस्वस्थपणा, तहान. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांना मार असेल तर त्यांच्या आड प्लीहा आहे, उजवीकडे यकृत. दोन्ही रक्ताने भरलेली इंद्रिये. बरगडी मोडली हे दुय्यम, तिच्या आड कोण राहते ते मुख्य. आणि तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त किती, माहीत आहे? सुमारे अडीचशे मिलिलीटर. चहाचा एक मोठा कप. नाळ नीट बांधली आहे ना, हे पुन्हा पुन्हा का पाहायचे, ते या एका कपाने कळते.

गर्भवतींच्या फेऱ्यांचा गाडीच्या कामात मोठा वाटा असतो. शेवटच्या महिन्यांत बाई उताणी झोपली की गर्भाशयाचा भार कण्याशेजारच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे रक्त कमी परतते, तिला भोवळ येते आणि बाळालाही कमी पडते. तिला डाव्या कुशीवर वळवले की काम झाले. औषध नाही, यंत्र नाही. आपल्या आज्या हे कारण न सांगता सांगत असत.

आता निमाडाचे खास. कापूस आणि मिरची. फवारणी करताना किंवा, वाईट वाटते पण बोलले पाहिजे, मुद्दाम पोटात घेतल्याने झालेली कीटकनाशकाची विषबाधा. आणि पावसाळ्यात मण्यार. ही दोन प्रकरणे मी मुलींना नेहमी एकत्र शिकवत असे, कारण दोन्हींचा मुक्काम एकाच जागी आहे. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो एका रसायनाच्या निरोपातून. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की स्नायू आवळतो, आणि तिथेच एक झाडूवाला उभा असतो, तो निरोप लगेच झाडून टाकतो, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा होते. मण्यारीचे विष निरोप निघूच देत नाही. नागाचे विष निरोप घेणाऱ्याचे दार बंद करते. आणि फवारणीची ती ऑर्गनोफॉस्फेट औषधे झाडूवाल्यालाच बांधून ठेवतात, त्यामुळे निरोपांचा ढीग साचतो.

एवढे कळले की लक्षणे तुम्ही स्वतः सांगू शकाल. मण्यारीत: पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज बसतो, हात उचलत नाही, शेवटी श्वास थांबतो. दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि दुखत नाही, सूजही नाही, म्हणून घरचे म्हणतात पोटात दुखत होते, मग झोप आली. हृदय मात्र शाबूत असते. म्हणजे जो कुणी फुगा आणि मुखवटा लावून त्याला सारखा श्वास देत राहील, तो त्याला रुग्णालयापर्यंत जिवंत नेऊ शकतो, मग रुग्ण मेल्यासारखा दिसत का असेना. याच एका ज्ञानावर जीव वाचतो. कीटकनाशकात सगळे ओले: लाळ, अश्रू, घाम, छातीत पाणी, उलटी, जुलाब; बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक; नाडी मंद; पुढे स्नायू थकून पडतात. त्याचे कपडे काढा, अंग धुवा, आणि स्वतः हातमोजे घाला, कारण ते विष कातडीतूनही जाते, रुग्णाच्याही आणि तुमच्याही. बडव्याकडे नेलेल्या माणसाला परत आणताना बडव्याशी भांडू नका, असाही माझा सल्ला आहे. त्याला सोबत घ्या, घरचे लवकर गाडीत बसतात.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. विदर्भाच्या सीमेवरच्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरातून आलेला हा माणूस कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर होता. लाल विंचू चावलेली मुले त्याच्यासमोर मरत होती. तोंडाला लालसर फेस, गार हातपाय. त्यांनी उशाशी बसून, नाडी आणि रक्तदाब तासातासाने टिपून काढले की विष शरीराच्या स्वयंचलित मज्जासंस्थेत वादळ उठवते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. मग रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरले. पूर्वी गंभीर दंश झालेल्यांत शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचे काम छापले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र ज्याने वाचले नसेल त्याने जरूर वाचावे. त्यांच्याकडे मोठे यंत्र नव्हते. शरीर कसे चालते हे पक्के ठाऊक होते आणि पाहण्याची चिकाटी होती.

"पण हे डॉक्टरांचे झाले, आमच्या बारावी झालेल्या मुलांना झेपेल का?" हा प्रश्न मला इथे येण्याआधीच एका वडिलांनी विचारला. त्याला उत्तर अमेरिकेतल्या पिट्सबर्ग गावचे. १९६७ मध्ये तिथे फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली तरुण मुले निवडली, त्यांतली कित्येक बेकार, काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती. डॉ. पीटर साफार, म्हणजे बेशुद्धाची मान मागे करून श्वासाची वाट मोकळी करण्यावर ज्यांनी संशोधन केले तेच, त्यांनी या मुलांसाठी सुमारे तीनशे तासांचा अभ्यासक्रम आखला. त्यात शरीररचना आणि शरीरक्रिया होत्या, प्रथमोपचार आणि गाडी चालवणेही होते. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलीन यांनी त्यांना शिकवले आणि त्या अनुभवावरून पॅरामेडिकांचे पाठ्यपुस्तक लिहिले. जगभरच्या आजच्या पॅरामेडिक शिक्षणाची मुळे त्या वस्तीत आहेत. त्या मुलांना झेपले, तर मनावरच्या मुलांना का झेपू नये?

आपल्याकडचा इतिहासही विसरू नका. सुश्रुताने सांगितले आहे की मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. नर्मदेच्या काठी राहणाऱ्यांनी हे वाचून जरा थांबावे. नंतर ती वाट बुजली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. आणि आपल्या इंदूरला किंग एडवर्ड मेडिकल स्कूल १८७८ मध्ये निघाले, आजच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे पूर्वज. म्हणजे हा विषय माळव्यात परका नाही.

आता मुलांनो, कसे शिकायचे ते. अकरावीचे एनसीईआरटीचे जीवशास्त्र घ्या, मानवी शरीरक्रियेचा विभाग. तेवढा समजून घेतला तर पुष्कळ झाले. पुढे जायचे असेल तर नर्सिंगच्या मुली वापरतात ते रॉस अँड विल्सन. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांची हिंदी पुस्तके १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला प्रकाशित झाली. ती विकत घेऊ नका, तुम्हाला जड होतील, पण कुणाकडे मिळाली तर चित्रे पाहा. चित्र पाहून नव्हे, पुस्तक मिटून काढायचे. हृदयाचे चार कप्पे आणि रक्ताची वाट रोज एकदा कागदावर, आठ दिवस. नवव्या दिवशी हात आपोआप काढील.

स्वतःच्या अंगावर शिका. अंगठ्याच्या बाजूची मनगटातली नाडी, मानेतली, कोपराच्या आतली. उरोस्थीवर बोट फिरवले की वरच्या भागात एक आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी मिळते, तिथून खाली मोजत जा. घरातल्या सगळ्यांची नाडी आणि श्वास मोजा, झोपेतही. आजोबांची ६०, भाचीची १२०, असे दिसले की कळते 'नॉर्मल' म्हणजे कुणाचे नॉर्मल. आणि गणपती उठल्यावर, ज्यांच्या घरी चालत असेल त्यांनी, खाटकाकडून बकऱ्याचे हृदय आणि श्वासनलिकेसकट फुप्फुसे आणावीत. नलिकेत फुंकर घालून फुप्फुस फुगताना पाहा. हृदयाचा डावा कप्पा केवढा जाड आणि उजवा केवढा पातळ, ते बोटांत धरून पाहा. ज्यांच्या घरी चालत नसेल त्यांनी शेजाऱ्याच्या अंगणात जावे. सत्यनारायणाच्या दिवशी तेवढे टाळा.

शब्दांची एक वही करा, चार रकान्यांची. इंग्रजी शब्द, हिंदी शब्द, आपला मराठी शब्द, आणि चौथ्यात रुग्ण काय म्हणतो ते. हा चौथा रकाना कुठल्याही पुस्तकात नाही. इथला माणूस "छातीत दुखते" असे म्हणतोच असे नाही. तो म्हणतो "घबराहट हो रही है", "गैस चढ़ गई है", आणि हात मात्र छातीवर फिरवत असतो. मराठी म्हातारी म्हणते "जीव कासावीस होतो". वर्गात शिकवलेला शब्द ऐकण्याची वाट पाहत बसाल तर हृदयविकार गॅसच्या गोळीवर घरीच राहील.

पालकांशीही दोन शब्द. "मुलगा अँब्युलन्सवर आहे" हे सांगताना आपल्या लोकांचा आवाज थोडा खाली जातो. पवारांच्या, होळकरांच्या काळापासून आपण इथे लेखणीचे काम करत आलो, त्यामुळे हे होत असावे. पगार थोडा आहे, नोकरी बहुधा कंत्राटी आहे, रात्रपाळ्या आहेत. हे मी लपवणार नाही. पण २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाला नावाने जागा मिळाली आहे, पुढे शिकण्याच्या वाटा उघडत आहेत. एवढेच करा की पैसे भरण्याआधी संस्थेला मान्यता आहे का, आणि प्रात्यक्षिकासाठी रुग्णालय जोडलेले आहे का, ते राज्याच्या परिषदेकडे विचारा. नुसत्या रंगीत प्रमाणपत्रांची दुकाने खूप आहेत.

विसर्जन जवळ आले आहे, म्हणून शेवटची गोष्ट सगळ्यांसाठी. १८ जुलै २०२२ रोजी खलघाटच्या पुलावरून इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्र एसटीची बस नर्मदेत पडली आणि १२ जणांचे मृतदेह हाती आले. आपली माणसे होती ती. तिथल्या पाण्यात कुणाचेच काही चालले नाही. पण घाटावर बुडालेला मुलगा जेव्हा लगेच बाहेर काढला जातो, तेव्हा बऱ्याचदा काठावरचे लोक त्याचे पोट दाबत बसतात, उलटे धरतात. असे करू नका. पोटातले पाणी घशाशी येऊन श्वासात जाते. हृदयविकाराने पडलेल्याचे आधी हृदय थांबते, रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून छाती दाबायला आधी घ्यायची. बुडालेल्याचा आधी श्वास थांबतो आणि प्राणवायू संपल्यामुळे मग हृदय थांबते. म्हणून श्वास चालत नसेल तर त्याला आधी पाच श्वास तोंडाने द्यायचे आणि मग छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक वेळी हात पूर्ण सैल सोडायचा. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या भरतात त्या त्याच सैल क्षणी. इकडे दुसऱ्याने १०८ लावायचा.

पितृपक्ष संपला की घटस्थापनेनंतरच्या रविवारपासून सकाळी आठ वाजता इथल्याच सभागृहात आपण बसू. पहिले चार रविवार श्वास आणि रक्त, मग हाडे. मुलींनी जरूर यावे. बाळंतिणीच्या गाडीत त्या हव्यातच. येताना कोरी वही, पेन्सिल, खोडरबर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ आणा. मोबाइलचे घड्याळ चालणार नाही, नाडी मोजताना दुसरा हात मोकळा लागतो.